ऐकणारीचं कार्ड

आम्ही निपाणीच्या बायका. यशोदाबाईच्या सोप्यात बसून विड्या वळतो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आन मधी सुविधा पुस्तक घेऊन. तिनं वाचायचं, आम्ही वळायचं, आन तिच्या वाटणीच्या विड्या आमच्यातनं काढून द्यायच्या, ह्यो आमचा रिवाज. कधी कुणी कुरकुर केली न्हाय. करंल कशाला? पुस्तकातली सासू खेकसली की यशोदाबाई दचकून पदर सावरती, अशी वाचती पोरगी! बारावी शिकलीया, पर गर्व म्हणून न्हाय.

एक दिवस वाचनालयातनं तोंड पाडून आली. म्हणाली, "मनुआक्का, वर्गणी वाढली. आन पुस्तक आता आठवडाभरच मिळणार. उशीर झाला की रोजचा दंड."

माझं डोस्कं फिरलं. "आमचं एक पुस्तक म्हयना म्हयना चालतंय! काय सोन्यानं मढवल्यात व्हय गं त्यांची पुस्तकं?"

"त्यांचंबी खोटं न्हाय, आक्का. भाडं वाढलं, लाइटबिल वाढलं, मेंबर मातर कमी झाले."

दंड आम्ही सगळ्या मिळून भरतो म्हटलं, तर ऐकायला तयार न्हाय. "तुमच्या विड्या घेते तेवढं बास. आन दुसरं कुणी वाट बघत असंल, त्याचं पुस्तक अडवून ठेवायचं व्हय?" असली माणसं आता कुठं बघायला मिळत्यात, सांगा.

आठवडा भरला. गोष्टीतली बाई लेकराला घिऊन घरातनं भाईर पडली होती, स्टँडवर येऊन उभी ऱ्हायली होती, आन तिथंच सुविधानं पुस्तक मिटलं. खूण म्हणून विडीचं पान आत घातलं आन दिऊन आली. दुसऱ्या दिवशी सूप घिऊन आमच्यात बसली. हाताची सवय गेलेली, विड्या सगळ्या वाकड्यातिकड्या. मला तिच्याकडं बघवंना. गोष्टीतली ती बाई आन तिचं लेकरू, दोघांचा आमच्या जिवाला घोर.

आन एक दिवस दारात वाचनालयाची बाई! तेजस्वी तिचं नाव, बोरगावहून येती. हातात ते विडीचं पान.

"पुस्तकात हे निघालं. अर्ध्यातनंच का परत केलंत?"

मी सुटलेच. "तुमच्या नियमानं! आठवड्यात कुणाचं पुस्तक संपतंय गं? हितं पोटाला विड्या वळायच्या, का..."

"आक्का, गप बसा जरा," सुविधा म्हणाली.

तेजस्वी रागावली न्हाय. खाली बसली, आमचा रिवाज सगळा विचारून घेतला. मग म्हणाली, "ते पुस्तक दुसऱ्या कुणी मागितलंच नाही. कपाटात पडून आहे. एवढ्या जणी ऐकता, मग कार्ड एकच का? प्रत्येकीनं काढा. कामगारांना निम्मी वर्गणी आहे. एकीचा आठवडा संपला की पुस्तक दुसरीच्या नावावर. आम्हालाबी मेंबर पाहिजेतच की."

"पर कार्ड वाचणाऱ्यालाच मिळतंय न्हवं?" सुविधा म्हणाली. "मला वाटलं, वाचक मी एकटीच."

"आन मला तर सहीबी येत न्हाय," मी म्हटलं. "माझं कसलं कार्ड?"

सुविधा माझ्याकडं वळली. "आक्का, मागल्या पुस्तकाची गोष्ट गल्लीभर कोण सांगत फिरत होतं?"

सगळ्या खदाखदा हसल्या. यशोदाबाई तर लईच.

पयलं कार्ड माझंच निघालं. अंगठा दिला. खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणी आलं. ह्या वयात माझ्या नावावर पुस्तक! पदराखाली धरून घिऊन आले. सुविधाच्या मांडीवरचं सूप मीच काढलं आन तिथं पुस्तक ठेवलं.

तिनं उघडलं न्हाय. म्हणाली, "तुमच्या नावावर हाय, आक्का. वाचू का?"

"वाच बाई लवकर," मी म्हटलं. "ती कवाची लेकरू घिऊन स्टँडवर उभी हाय."