नेडीनच्या अंगणातली ‘होय’ची पाटी

मी अंगणात तारेच्या दोन पायांवर उभी राहणारी एक हिरवी प्लास्टिकची पाटी. माझ्यावर एवढंच छापलंय, ‘दुसऱ्या प्रश्नाला होय म्हणा.’ माझ्यासारख्या हजारो निघाल्या, पण मला नेडीन गॅस्किनचं अंगण मिळालं. आता रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं म्हणजे आसपासच्या घरांत काय चाललंय ते कळतंच. मी मुद्दाम बघत नाही. दिसतं.

प्रश्न असा होता की, आजारी माणसाला डॉक्टरच्या सल्ल्यानं गांजाचं औषध मिळावं की नाही? नोव्हेंबरात फ्लोरिडाच्या लोकांनी मत देऊन ते ठरवायचं होतं.

नेडीनचा नवरा व्हर्नन कोळंबीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. धिप्पाड माणूस, पण आजारानं पायात असे पेटके यायचे की जेवता जेवता टेबलाची कड धरून बसे. शेवटी लेकीनं त्याला आपल्याकडे कोलोरॅडोला नेलं. तिथं हे औषध उघड मिळतं. जिभेखाली थेंब टाकले की त्याला झोप लागते. पण इथं फ्लोरिडात ती बेकायदा; बाटली घेऊन घरी यावं तर शेरीफचे पोलीस दाराशी. आणि नेडीन तिकडे जाणार कशी? मागच्या खोलीत तिची आई अंथरुणाला खिळलेली.

मग संध्याकाळी पायरीवर बसून फोन.

“आज काय केलंस?”

“मलेट मासा तळला.”

“वास कसा येतोय सांग ना.”

“तळल्यासारखा येतोय, व्हर्नन. आणखी काय सांगू?”

बोलणं संपलं तरी दोघंही फोन ठेवत नसत. मी आपली रस्त्याकडे बघत राही.

समोरच्या हॉलिसच्या अंगणात ‘नाही’ची पाटी होती.

“काय गं नेडीन, तुझी पाटी सारखी माझ्या पाटीकडे डोळे वटारते.”

“तुझी आधी काढ, मग माझ्या पाटीला समज देते.”

हॉलिस हसला, मग गंभीर झाला. “माझ्या पुतण्याचं नशेच्या गोळ्यांनी वाटोळं झालं. तू पाहिलंस.”

“पाहिलं रे. आणि व्हर्ननला तू पाहिलंस.”

तो आपल्या अंगणात परत गेला. पण शनिवारी तिच्या अंगणातलं गवत कापताना मला धक्का लागू नये म्हणून त्यानं मशीन बाजूनं फिरवलं.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टपालवाली बाई गाडी थांबवून म्हणाली, “जिंकलात की, नेडीन. शंभरातल्या सत्तावन्न जणांनी होय म्हटलंय.”

नेडीननं घरात जाऊन पलंगावरची चादर ओढली, धुतली, दोरीवर टाकली. ओल्या हातानंच फोन लावला. “सामान बांध व्हर्नन. आपण जिंकलो.”

हॉलिस समोरून ऐकत होता. टोपी हातात घेऊन तो रस्ता ओलांडून आला.

“नेडीन, यासाठी फ्लोरिडाची राज्यघटना बदलावी लागते, आणि त्याला शंभरात साठ लागतात.”

“सत्तावन्न म्हणजे निम्म्याहून जास्तच ना रे?”

“जास्तच. पण साठ नाहीत.”

खरं तर तो जिंकला होता. तोंडावरून वाटत नव्हतं. घरी जाऊन त्यानं आपली पाटी उपटली आणि कचऱ्याच्या डब्यात उलटी टाकली.

नेडीननं पुन्हा फोन लावला. “बॅग उघड, व्हर्नन,” एवढंच म्हणाली. पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. तिनं मान हलवली, जणू त्याला दिसणारच होती.

निवडणूक झाली की पाट्या काढायच्या असतात. तिनं मलाही काढलं, पण टाकलं नाही. आता पुन्हा तोच प्रश्न मतपत्रिकेवर आणायचा म्हणून सह्या गोळा करताहेत. आईपाशी शेजारीण बसली की नेडीन किराणा दुकानाबाहेर घडीचं टेबल मांडते आणि मला त्याला टेकवून ठेवते.

काल एका बाईनं विचारलं, “मागच्या वेळी तुम्ही जिंकला नव्हतात का?”

“जिंकलो होतो,” नेडीन म्हणाली. “पुरलं नाही.”

बाईनं पेन मागून घेतलं.

इथलं ऊन फार कडक आहे हो. माझा हिरवा रंग उडालाय, तारेचे पाय गंजलेत. ‘होय’ वाचायचं तर आता अगदी जवळ यावं लागतं. वाट वाकडी करून या ना जरा.