पेन्सिलीतली विक्री

संग्रहालयाची चार हजार कार्डं मी एकटीनं कॉम्प्युटरवर चढवली. दोन वर्षं लागली, मान आखडली, साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. मलाही बरं वाटलं. मूर्ख होते मी.

माझ्या आधीच्या कार्डवाल्या काकांची एक पद्धत होती. व्यवहाराचा कागद स्वतः पाहिला असेल तरच शाई. ऐकीव असेल तर पेन्सिल. हे मला ठाऊक होतं. तरी 'चित्र कसं आलं' या रकान्यात मी दोन्ही सारखंच टाइप केलं. पडद्यावर सगळं काळंभोर, सगळं खरं.

सोमवारी एक आजी आल्या. निळ्या खुर्चीतल्या बाईचं चित्र त्या मागत होत्या. ती बाई म्हणजे त्यांची आई. हातात आमचंच पत्र: नोंदीनुसार मालकाने चित्र स्वखुशीने विकले, सबब दावा फेटाळला.

"स्वखुशीनं?" आजी म्हणाल्या. "घर सोडून पळताना माझा बाप चपला घालायला थांबला नव्हता गं. सौदा कधी केला त्यानं?"

कार्ड काढलं. विक्रीची ओळ पेन्सिलीतली.

साहेबांना म्हटलं, "नोंद बदलायचीय."

"काय लिहिणार? चोरलं?"

"माहीत नाही, असं लिहिणार."

"अहो ताई, संग्रहालयालाच माहीत नाही? लोक तोंडात शेण घालतील. विकत, भेट, वारसा. तीनातलं एक निवडा."

"तिन्ही खोटी असतील तर?"

"तर सगळ्यात कमी खोटं निवडा. आणि अशी पेन्सिलीतली आहेत तरी किती?"

मी कधी मोजलीच नव्हती. खरी लाज त्याची वाटली.

जागेवर येऊन शेऱ्यात लिहिलं: 'विक्री ऐकीव. कुणी सांगितली, नोंद नाही. मालकाच्या मुलीच्या मते चित्र घरातच मागे राहिले. पुरावा दोन्हीकडे नाही. ऐकीव गोष्ट ठाम करण्याची चूक माझी.' खाली माझं पूर्ण नाव. छापून आजींना दिलं.

"म्हणजे चित्र माझं?"

"ते मला सांगता येत नाही, आजी. पण विकलंच होतं, असंही आता कुणाला म्हणता येणार नाही."

"एवढ्यासाठी तीन गाड्या बदलल्या मी?"

"हो."

त्यांनी कागदाची घडी घातली. "पुन्हा अर्ज कुठे करायचा?"

"तळमजल्यावर. आत्ताच जा, जेवायला उठतील."

त्या कठडा धरत उतरल्या. साहेबांचा निरोप आला तेव्हा पहिल्याच खणातली पेन्सिलीची सत्तर कार्डं माझ्या टेबलावर निघाली होती. आले म्हटलं, पण उठले नाही.