बाहेरचा आवाज आत येत नाही

मित्रांनो, माझ्या उजव्या गादीचे कातडे सुटले आहे आणि वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, तरी मला अजून स्वच्छ ऐकू येते. मी एक हेडफोन आहे. कानांवर घट्ट बसणारा, तोंडापुढे छोटासा माइक असलेला. माझ्या हातून एक चूक झाली, असे म्हणायला मला हात नाहीत. पण माझ्यामुळे झाली. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. एका बाईने माझ्या गाद्या शिवल्या. टाके इतके बारीक की तिला मान वर करायलाही फुरसत नव्हती. मग तपासनिसाने मला कानांवर चढवले, शेजारी मोठा पंखा लावला आणि सोबतच्या माणसाला ओरडायला सांगितले. तो माणूस घसा ताणून ओरडला. तपासनिसाला काहीच ऐकू आले नाही. तो खूश झाला. माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापले गेले, ‘बाहेरचा आवाज आत येत नाही.’ त्या वेळी त्या ओळीचा मला केवढा अभिमान होता! आज ती आठवली की मेल्याहून मेल्यासारखे होते.

माझा मालक बेकरीत भट्टी सांभाळायचा. पहाटे कामावर जायचा आणि बाराच्या सुमारास पीठ झटकत घरी यायचा. त्याच्यासोबत भट्टीवर अकरा वर्षे काम केलेला दोस्त नोकरी सोडून दूर निघून गेला, आणि त्याच्या जागी पीठ मळायचे मोठे यंत्र आले. यंत्राशी काय बोलणार? माणूस हळूहळू मुका होत गेला. मग त्याला एक खेळ सापडला. चार जणांनी मिळून किल्ला राखायचा, बाहेरून शत्रू येत राहतात, एक जण जरी जागा सोडून गेला तरी किल्ला पडतो. त्या खेळात तो पुन्हा बोलू लागला, हसू लागला. त्याची बायको दवाखान्यात नर्स होती. नवरा हसतोय हे पाहून तिलाच बरे वाटले. खेळातल्या तोफांच्या आवाजाने घर दणाणते म्हणून त्याच्या वाढदिवसाला तिनेच मला आणले.

“घे,” ती म्हणाली, “आता तूही सुखी आणि आम्हीही सुखी.”

सुरुवातीचे दिवस खरेच सुखाचे होते. त्याच्या चमूत आणखी तिघे होते. कुणी कुणाला पाहिलेले नव्हते, खरी नावेही माहीत नव्हती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, त्यांना सगळे मावशी म्हणत. लिफ्ट दुरुस्त करणारा एक गडी होता, तो स्वतःला कप्तान म्हणवून घ्यायचा. तिसरा शिंपी. आणि माझा मालक अर्थातच बेकर. चौघांच्या थट्टामस्करीने माझ्या गाद्या गरम व्हायच्या.

“बेकर, तुझ्या बाजूची भिंत पावासारखी फुगलीय बघ!” शिंपी ओरडायचा.

“तू आधी तुझ्या भिंतीचं भोक शिव!” मालक म्हणायचा.

तासभर खेळायचे, जेवायचे, थोडे लवंडायचे आणि दोन वाजता बबडीसाठी दार उघडायचे, असा त्याचा नेम होता. बबडी त्याची आठ वर्षांची मुलगी. शाळेची गाडी तिला कोपऱ्यावर सोडायची.

पण खेळ मोठा हुशार होता. रोज हजेरी लावली तर पदवी चढायची, एक दिवस चुकला तर खाली घसरायची. एका तासाचे दोन झाले, दोनाचे चार. आधी झोप गेली, मग ताटावरून लक्ष गेले. वरणभात थंड होऊन त्यावर साय धरायची, आणि बायकोचा फोन आला की तो म्हणायचा, “आत्ताच बसलोय गं.” तीन तासांनंतरही तो आत्ताच बसलेला असायचा. बेकरीत त्याचे दोन पत्रे भरून पाव जळून कोळसा झाले. बेकरीच्या मालकाने विचारले, “लक्ष कुठंय रे तुझं?” हे सगळे तो चमूला हसत हसत सांगायचा आणि सगळे हसायचे. मीही ते हसू इकडून तिकडे पोचवत होतो. त्यात हसण्यासारखे काही नाही, हे माझ्याही ध्यानात आले नाही.

मित्रांनो, माझ्याबद्दलची एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. मी बाहेरचा आवाज मालकाच्या कानांत येऊ देत नाही, पण माझा माइक खोलीतला आवाज पलीकडे पोचवतो. त्यामुळे बबडी बेल वाजवायची, ती घरात बसलेल्या बापाला ऐकू जायची नाही आणि कुठल्या कुठे बसलेल्या मावशींना ऐकू जायची.

“बेकर, तुझी बेल वाजतेय,” मावशी म्हणायच्या. एकतीस वर्षे घंटी ऐकण्यात गेलेली बाई ती. तिचे कान तयार होते.

“हो हो, उठतोच. शत्रूची एवढी लाट परतवू या.”

बबडी पायरीवर बसून राहायची. आधी दोन मिनिटे, मग दहा, मग वीस. तिने तक्रार केली नाही. तिने पायरीवर गृहपाठ करायला सुरुवात केली. बाप दार उघडून म्हणायचा, “अगं, हेडफोन होता ना, ऐकूच आलं नाही!” ती मान डोलवायची. बायकोलाही तेच उत्तर मिळायचे. सगळा दोष माझ्या माथी यायचा, आणि मी वेडा, त्यात माझे कौतुकच आहे असे समजायचो. आपण किती पक्के बसतो, बघा!

मग तो दिवस आला. शाळा अर्ध्या दिवसानेच सुटणार होती. तसा निरोप त्याच्या मोबाइलवर आला होता. त्याने तो न वाचताच बोटाने बाजूला सारला होता. ऊन रणरणत होते. किल्ल्यावर शेवटची, सर्वांत मोठी लाट चालून आली होती. अशात बेल वाजली.

“बेकर, दार,” मावशी म्हणाल्या.

तो तोफा डागत राहिला. बेल पुन्हा वाजली. मग दारावर थापा. मग बबडीचा आवाज, “बाबा, दार उघड ना. मला कसंतरी होतंय.”

“अरे, पोरगी रडतेय तुझी! ऊठ!” मावशी ओरडल्या.

माझ्या वायरीवर एक छोटे बटण आहे. ते दाबले की माइक बंद होतो. माझ्या मालकाने ते बटण दाबले. पलीकडे बबडीचा आवाज बंद झाला. मी तो बंद केला, मित्रांनो. बटण माझे होते.

मावशींनी त्यानंतर जे केले ते त्या खेळात कुणी करत नसे. त्यांनी ढाल खाली टाकली, किल्ल्याचा मुख्य दरवाजा सताड उघडला आणि त्या बाहेर चालत्या झाल्या. शत्रू आत घुसला. किल्ला पडला. सहा महिन्यांत मिळवलेली पदवी क्षणात गेली.

माझा मालक खवळला. त्याने मला कानांवरून ओरबाडून काढले आणि भिंतीवर फेकले. माझी गादी तेव्हाच सुटली. आणि मग त्याला जाणवले की घरात सगळे सामसूम आहे. बेल नाही, थापा नाहीत. तो दाराकडे धावला. पायरीवर बबडीचे दप्तर होते. बबडी नव्हती.

पुढचे मी पाहिले नाही. मी जमिनीवर पडलो होतो. त्याने नंतर सांगितले तेव्हा माझ्याच माइकमधून ते गेले, म्हणून मला ठाऊक आहे. तो शेजाऱ्यांकडे गेला, कोपऱ्यावर गेला, शाळेपर्यंत धावत गेला. पायांत चप्पल नव्हती. बायकोला फोन लावायला त्याचे बोट धजत नव्हते. शेवटी बेकरीच्या मालकाचाच फोन आला. बबडी तिथे होती. अंगात ताप घेऊन, चार मोठे रस्ते एकटीने ओलांडून ती बेकरीवर पोचली होती आणि पिठाच्या पोत्यांवर चक्कर येऊन पडली होती.

“इकडं कशाला आलीस गं बाळा?” बेकरीच्या मालकाने तिला विचारले होते.

“बाबा घरी नाहीये,” ती म्हणाली होती. “घरी असता तर त्याने दार उघडलं असतं ना.”

बबडी चार दिवस आईच्याच दवाखान्यात होती. मला एका खणात टाकण्यात आले. खण बंद करताना बायको एवढेच म्हणाली, “मीच आणून दिलं होतं.” ती रडली असती तर मला सोसले असते. ती रडली नाही.

त्याने अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी दुपारी खण उघडला. त्याने मला कानांवर चढवले तेव्हा मला, खरे सांगतो, आनंद झाला. त्या आनंदाचीही आज लाज वाटते.

तिघेही तिथे होते. कप्तान म्हणाला, “आलास! चल, सुरू करू.”

“आज खेळ सुरू करायचा नाही,” मावशी म्हणाल्या. “आज बोलू या. पोरगी कशी आहे तुझी?”

मालकाने सांगितले. सांगता सांगता त्याचा आवाज फाटला. मग मावशी म्हणाल्या, “बेकर, हे व्यसन आहे. तुला एकट्याला नाही, मलाही आहे.”

“व्यसन कसलं, मावशी?” कप्तान उसळला. “दारू पितो का आपण? घरात बसून खेळतो, कुणाचं काय घेतो?”

“न खेळता दिवस घालवला होतास का रे एवढ्यात? कसा गेला?”

मावशीच पुढे बोलल्या. “माझी धाकटी बहीण रोज संध्याकाळी फोन करायची. मी म्हणायची, कामात आहे, मग करते. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले मी, आणि तिचा घेतला नाही. दीड वर्ष झालं, आता ती करत नाही. खेळत नसले तरी डोक्यात खेळच असतो. कुणी हटकलं की राग येतो. किती वेळ खेळले ते मी खोटं सांगते. याला दुसरं काय म्हणायचं?”

शिंपी खाकरला. “मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.” कुणीतरी फुस्सकन हसले. “हसू नका,” तो म्हणाला, “त्याचं लग्न होतं.” पण तोही हसला, आणि मग हसू थांबल्यावर नाक ओढत राहिला.

मग कप्तान बोलला. त्याचा तो दणदणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “लिफ्टमध्ये एक म्हातारं जोडपं अडकलं होतं. मला फोन आला. मी दहा मिनिटांत येतो म्हटलं. आपला डाव चालू होता. मी चाळीस मिनिटांनी निघालो. दार उघडलं तर दोघं एकमेकांचा हात धरून खाली बसलेली. मला म्हणाले, ‘आलात, देवासारखे आलात.’”

मग बेकरची पाळी आली. तो म्हणाला, “मला ऐकू आलं होतं.”

“काय?”

“बेल. हेडफोनमधूनही येते ती, बारीक. रोज येते. त्या दिवशी तिचा रडण्याचा आवाजही आला. मला वाटलं, एवढी एक लाट होऊ दे. सगळ्यांना सांगत आलो, हेडफोन होता, ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं होतं, मावशी.”

मित्रांनो, मी सुटलो असे तुम्हाला वाटेल. मलाही क्षणभर वाटले. पण तसे नाही. त्याला खोटे बोलायला जागा हवी होती आणि ती जागा मी होतो. रोज, न कुरकुरता.

त्या संध्याकाळी मला गळ्यात तसेच अडकवून त्याने हेच बायकोला सांगितले. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. तिने विचारले, “बबडीला सांगितलंस?”

“नाही. तिला कसं सांगू?”

“तिला वाटतंय, तू घरी नव्हतास. तेवढ्यावर ती तुला माफ करून बसलीय. ते खोटं आहे.” मग ती म्हणाली, “आमच्या दवाखान्यात एक समुपदेशक बसतात. उद्या मी बरोबर येते. पण आधी तिला सांग.”

त्याने सांगितले. बबडी ऐकून म्हणाली, “बरं.” आणि पुस्तक घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. तिने त्या रात्री बापाच्या हातून जेवायला नकार दिला.

याला आता दोन वर्षे झाली. मधे तो दोनदा घसरला. एकदा तर आठवडाभर चोरून खेळला आणि स्वतःच येऊन बायकोजवळ त्याने कबुली दिली. खेळ आता त्याच्या घरात नाही. पण मला त्याने टाकले नाही. दर रविवारी दुपारी तो मला कानांवर चढवतो आणि ते चौघे बोलत बसतात. चौघांचे आता नऊ झाले आहेत. नवीन माणूस आला की आधी म्हणतो, मला काही व्यसन वगैरे नाही, सहज आलोय. कप्तान त्याला म्हणतो, “बस की मग सहज.” मावशी मधूनच उठतात, बहिणीचा फोन आला की. तो फोन पुन्हा येऊ लागला आहे, रोज नाही, पण येतो.

तेव्हा मित्रांनो, मला नीट पुसून ठेवा, माझी वायर ओढू नका, असे काही मी मागणार नाही. माझ्यात सुटण्यासारखे, तुटण्यासारखे जे आहे ते चिकटपट्टीने जोडता येते. मला एवढेच म्हणायचे आहे की मी कानांवर असताना बाहेर कुणी हाक मारली आणि ती तुम्हाला ऐकू आली, तर ती ऐकू आली असे म्हणा. माझे नाव पुढे करू नका. आणि खेळ थांबवता येत नसेल तर तसे कुणाला तरी सांगा; सांगायला माझ्यासारखा एक माइक पुरतो.

बबडी आता दहा वर्षांची आहे. बापाशी ती बोलते, हसते, त्याच्या पाठीवर बसते. पण तिला काही सांगायचे असले की ती आधी थांबते आणि त्याच्या कानांकडे बघते. तिथे काही नाही याची खात्री पटली की मगच म्हणते, “बाबा.”