कानाने पास केलेलं बेअरिंग

गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागणार हे कळलं, तेव्हा ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिअरबॉक्स म्हणजे काय पिठाचा डबा आहे, काढला आणि ठेवला? ते धूड तिने सकाळीच जॅकवर तोलून, कंबर मोडून वर चढवलं होतं. क्लच प्लेट नवी, प्रेशर प्लेट नवी, रिलीज बेअरिंगसुद्धा नवं. तरी ड्रायव्हरने क्लच दाबला रे दाबला, की ट्रकच्या पोटातून अशी किंचाळी निघायची की रस्त्यावरची माणसं वळून बघायची.

"कसला आवाज?" बाबा म्हणाले. "इंजिनाचाच आहे तो."

ड्रायव्हर ताईकडे बघायला लागला. ताईने छताकडे बघितलं.

जुनं राहिलं होतं ते एकच, इंजिनामागच्या जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या मधोमध बसणारं, मुठीत मावेल एवढं पायलट बेअरिंग. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यात टेकतं. आता एवढं सगळं उघडलंच आहे तर तेही बदलून टाकू, असं ती काल घसा फोडून सांगत होती. पण बाबांनी बोटाने ते फिरवलं, कान जवळ नेला आणि निकाल दिला, "बोलत नाही. राहू दे."

झालं! बाबांच्या कानापुढे कुणाची टाप होती? हे गॅरेज त्या कानावरच तर उभं राहिलं होतं. लांबलांबचे ड्रायव्हर यायचे ते मिस्त्रींनी नुसतं ऐकून दोष सांगावा म्हणून. पण गेलं वर्षभर ताईच्या मनात पाल चुकचुकत होती. जरा कान तपासून घेऊ म्हटलं, की बाबा उसळायचे. "माझ्या कानाला काय धाड भरलीय?" आणि मग दोन दिवस अबोला. कान गेला तर आपण मिस्त्री कसले, हीच भीती होती त्यांना, आणि ती ताईला कळत होती. म्हणून ती गप्प बसायची. पण कंबर तिची मोडत होती ना!

दुपारपर्यंत गिअरबॉक्स आणि क्लच पुन्हा खाली आले. तिने बेअरिंगच्या भोकात ठासून ग्रीस भरलं, त्यात बरोबर बसणारी सळई घातली आणि हातोडीने दणके घातले. दर दणक्याला मनातल्या मनात एकेक शेलकी शिवी. मागे दाबलेल्या ग्रीसने बेअरिंग हळूहळू बाहेर ढकललं आणि ते टपकन तिच्या हातात आलं. तिने ते रॉकेलमध्ये धुतलं, पुसलं आणि फिरवलं. खरखर, खरखर. आतल्या गोळ्या पार झिजून गेल्या होत्या.

"बाबा, इकडे या. डोळे मिटा. मी फिरवते. बोललं की हात वर करा."

"हा काय पोरखेळ चाललाय?"

"मिटा म्हणते ना!"

बाबांनी डोळे मिटले. ताईने बेअरिंग त्यांच्या कानापाशी धरून फिरवलं. दहा पावलांवर उभ्या असलेल्या ड्रायव्हरने दात आंबल्यासारखं तोंड केलं. बाबांचा हात खालीच. तिने आणखी जोरात फिरवलं, मग दुसऱ्या कानापाशी नेऊन फिरवलं.

"अगं, फिरव की आता!" बाबा वैतागून म्हणाले. "किती वेळ ताटकळत उभा ठेवणार आहेस?"

ताईचा सगळा राग जागच्या जागी विरला. तिला एकदम रडूच आलं. ड्रायव्हर मुकाट्याने बाहेर निघून गेला. तिने बाबांचा हात धरला, त्यांचं बोट बेअरिंगमध्ये घातलं आणि बाहेरचं कडं सावकाश फिरवलं.

बाबांनी डोळे उघडले. मग स्वतःच फिरवून बघितलं, एकदा, दोनदा.

"हे आत्ता बोलत होतं?"

"हो, बाबा."

"काल पण?"

तिने होकारार्थी मान हलवली. बाबा खोक्यावर बसले. ते बोटाला लागलेलं रॉकेल पुसत राहिले.

"वही काढ," ते शेवटी म्हणाले. "या वर्षभरात मी नुसत्या कानाने पास केलेल्या गाड्या शोध. सगळ्या परत बोलाव."

"सगळ्या? अहो, किती गिअरबॉक्स उतरवायचे मी?"

"उतरवू दोघं मिळून. आधी फोन लाव." ते उठले आणि नवं बेअरिंग तिच्या हातात देत म्हणाले, "आणि तूच बोल. मला पलीकडचं काही ऐकू येत नाही."