मशीनरूममधला पुदिना

"अहो, तोही काळा पडलाय. टाकून द्या," बाई अंथरुणातूनच म्हणाल्या.

"न बघताच?" मिस्त्री पुदिन्याची जुडी घेऊन दारात उभे होते.

"नाक आहे मला."

नाक होतं खरं. मिस्त्रींनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. ते दारात पोचायच्या आत बाईंना ग्रीसचा वास लागायचा आणि आतून फर्मान सुटायचं, "आधी हात धुवा!" त्याशिवाय पाण्याचा पेलाही मिळत नसे. बाल्कनीतल्या अठरा कुंड्यांवर याच नाकाचं राज्य होतं. फुलं धरायच्या आत खुडायचं, सावलीत उलटं टांगायचं, पान मुठीत चुरलं की बरणीत भरायचं. बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. पुदिना, मरवा, गवती चहा, फळीभर बरण्या, आणि सगळ्यांवर बाईंचं बारीक तिरकं अक्षर.

आता पोटातल्या दुखण्याने बाईंना पार आडवं केलं होतं. जेवण समोर आलं की ढवळायचं. ताज्या पुदिन्याचा उग्रपणाही सोसत नसे. सूपवर वाळलेला पुदिना चुरला, त्याचा वास घेतला, तरच चार चमचे पोटात जायचे. रोज येणाऱ्या नर्सने मिस्त्रींना दाराबाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "त्यांना वास येतोय तोवर खाणं आहे, काका. तो गेला की माझ्या हातात काही नाही."

आणि पुदिन्याच्या बरणीने तळ गाठला होता. बाहेर पावसाची झड लागलेली, घरात सगळं दमट. दोरीवर टांगलेली ही दुसरी जुडी वाया गेली होती.

मिस्त्रींना एकदम मशीनरूम आठवली. गच्चीवरची लिफ्टची खोली, मोटरच्या उबेने बारा महिने कोरडी, शिवाय अंधारी. निवृत्त झाले तरी किल्ली त्यांच्याचकडे होती. त्यांनी नवा पुदिना खुडला आणि मोटरच्या वर तारेला टांगला. पाचव्या दिवशी पान मुठीत चुरचुरलं. रंगही हिरवा राहिला होता. आलोच आहोत तर म्हणून त्यांनी मोटरला ग्रीस दिलं, हात बाहीला पुसले, पुदिना बरणीत भरला आणि स्वतःवरच खूश होत खाली आले.

माहेरी मुक्कामाला आलेल्या लेकीने स्वयंपाकघरात बरणी उघडली आणि नाक मुरडलं. "बाबा, कुठे वाळवलात हा? नुसता ग्रीसचा वास मारतोय!"

मिस्त्रींनी हुंगून पाहिलं. त्यांना काही कळेना. चाळीस वर्षं त्याच वासात काढलेलं नाक, ते काय सांगणार? पण लेक खोटं बोलणार नव्हती. त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

"झाला का पुदिना? आणा इकडे," आतून हाक आली.

लेक म्हणाली, "नका नेऊ. आईला मळमळेल."

पण हाक ऐकून थांबायची मिस्त्रींना सवय नव्हती. बोलणी खायच्या तयारीने ते पलंगाच्या कडेला बसले आणि बरणी बाईंच्या नाकाशी धरली. बाईंनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. मग आणखी एक.

"छान," त्या म्हणाल्या. "अगदी माझ्यासारखा जमलाय."

मिस्त्रींनी बाही मुद्दाम पुढे केली. ग्रीसने काळी झालेली बाही बाईंच्या गालापासून वीतभर अंतरावर होती. ओरड, त्यांनी मनात म्हटलं. एकदा तरी ओरड. बाई शांतपणे त्यांच्याकडे बघत राहिल्या. दारात लेकीने तोंडाला ओढणी लावली होती.

"आई, सूप आणू?" तिने कसंबसं विचारलं.

"नको गं. आज इच्छाच नाही." बाई मिस्त्रींकडे वळल्या. "तारीख घाला हं. नाहीतर मागचा-पुढचा कळत नाही."

"घालतो."

मिस्त्रींनी कागदाची चिठ्ठी फाडून घेतली. तिच्यावर ठळक, वेड्यावाकड्या अक्षरात 'पुदिना' लिहिलं, खाली तारीख घातली आणि बरणी फळीवर बाईंच्या बरण्यांच्या शेवटी ठेवली. मग मोरीत जाऊन, कुणी न सांगता, साबण लावून त्यांनी हात धुतले. दोनदा.