लटारूभाऊंच्या खिशातला फोन

संघप्रियाच्या चंद्रपूरच्या ऑफिसात त्या आठवड्यात पेढे वाटले गेले. तरुण मुलामुलींच्या मनाला आधार देणारं तिचं ॲप कुरखेड्याकडच्या खेड्यांत चाचणीला दिलं होतं आणि पडद्यावर जिकडेतिकडे हसरे चेहरे उमटत होते. रोज संध्याकाळी ॲप विचारायचं, ‘आज मन कसं आहे?’ मुलांनी हसरा नाहीतर रडका चेहरा दाबायचा. रडका दाबला की धीराचा मेसेज यायचा. वाचकहो, हेतू किती चांगला! पण करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, त्यातली गत झाली.

दिव्यानी नावाच्या मुलीची उत्तरं यायची थांबली, तेव्हा संघप्रिया तिच्या गावी गेली. दिव्यानी विशीतली, कॉलेजात शिकणारी, पोलीस भरतीत धावताना मागे पडलेली. ती ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिनं मानसुद्धा वळवली नाही.

“काय झालं हो बाई?” संघप्रियानं तिच्या आईला, इंदुताईंना विचारलं.

“घरात फोन एकच. तो ह्याइच्या खिशात राह्यते,” इंदुताईंनी नवऱ्याकडे, लटारूभाऊंकडे बोट दाखवलं. “ह्याइले वाचता येत नाई, पर चेहरा तं दिसते! म्हणून पोरगी रोज हसरंच दाबे. एक दिवस हे आंघोळीले गेले, तवा तिनं रडकं दाबलं. आमच्या घरी रेंज नाई. तुमचा मेसेज आला तो चौकात, मुखरूच्या पानठेल्यावर. हे मुखरूले म्हणले, वाचून दे.”

मुखरूनं तो चारचौघांत मोठ्यानं वाचला होता. ‘दिव्यानी, जगणं नकोसं वाटतंय का? तू एकटी नाहीस.’ ते वाक्य संघप्रियानं स्वतः लिहिलं होतं.

सांजेपर्यंत गावभर झालं, लटारूची पोरगी पागल झाली. लटारूभाऊंनी तिचं कॉलेज बंद केलं, मैत्रिणींना दारातूनच परत धाडलं. तेव्हापासून दिव्यानीनं तोंड उघडलं नव्हतं.

“इज्जत गेली माही,” लटारूभाऊ पुटपुटले. “तिले कमी काय केलं आमी?”

“तुमची कंबर धरली तवा साऱ्या गावाले सांगत फिरले!” इंदुताई कडाडल्या. “लोकाइनं तेल आणून देल्लं. मंग पोरीचं मन दुखलं तं दाराले कडी काऊन? कंबर दुखली तं इज्जत जात नाई, मन दुखलं तंच जाते काय?”

संघप्रिया दिव्यानीजवळ बसली. तिला रडू आवरेना. “माझं चुकलं गं. तो मेसेज मी काढून टाकते.”

“मले विचारलं होतं का, फोन कोनाचा हाये?” दिव्यानी भिंतीकडे पाहतच बोलली. “साऱ्याइले माहीत झालं. आता काय काढून टाकता?”

खरंच, काय काढणार! संघप्रियाला आपलं सगळं शिक्षण फुकट गेल्यासारखं वाटलं.

बायकोचे बोल मात्र लटारूभाऊंना लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुलीला गडचिरोलीच्या डॉक्टरांकडे न्यायला निघाले. एसटीचा थांबा नेमका पानठेल्यासमोर.

“कुठी चालले, भाऊ?” मुखरूनं हटकलंच.

लटारूभाऊंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण ते मुलीकडे वळले आणि हळूच म्हणाले, “सांगू का, माय?”

दिव्यानीनं मान हलवून नाही म्हटलं.

“तुले काय करा लागते? आपला ठेला पाह्य!” लटारूभाऊ मुखरूवर खेकसले.

तेवढंच. वाटभर दिव्यानीनं बापाकडे पाहिलंही नाही. ती बरी होईल का, कुणालाच माहीत नव्हतं.

वाचकहो, दुखरं मन ही लपवायची लाज नाही आणि चव्हाट्यावर मांडायची बातमीही नाही. तुम्ही ॲप बनवा नाहीतर बाप म्हणून पाठीवर हात ठेवा, पण आधी त्या लेकराला विचारा. हे विचारायला ॲपला सुचलं नाही, आणि बापाला सुचलं तेव्हा फार उशीर झाला होता.