लेकरू दूध पिईपर्यंत

"गुटी देऊन लगेच उठूं नये. लेंकरूं जागं होऊन दूध प्यालें, कीं मगच उंबऱ्याबाहेर पाय टाकावा," असं शेषम्मा मला म्हणाली होती. आणि मी हसले होते.

शेषम्मा माझ्या नवऱ्याची आत्या. तंजावरात आमची मराठी बोलणारी जी घरं आहेत, त्यांतल्या कुठल्याही घरात पाळणा हलला की तिला बोलावणं येतं. ती पाय पसरून बसते, बाळाला पायांवर घेते, जीभ बघते, पोटावर दोन बोटं टेकवते, आईला शी-शूचं विचारते. मग सहाणेवर, आईच्याच दुधात, वेखंड, हिरडा, सुंठ, जायफळ उगाळते. कशाचे किती वेढे, ते दर वेळी वेगळं. कधी जायफळ हातात घेते आणि तसंच डबीत परत ठेवते. "आज नको. आज हें आपणच झोपाळलंय." गुटी देऊन झाली, कॉफी पिऊन झाली, तरी ती निघत नाही. भिंतीला टेकून बसून राहते. बाळ उठतं, दूध पितं, मग ही उठते. नव्या सुनांना वाटतं, म्हातारीला गप्पांची हौस आहे. मलाही तसंच वाटायचं.

साईप्रिया झाल्यावर मी नोकरी सोडली. एम.एस्सी. करून कॉम्प्युटर सेंटरमध्ये शिकवत होते, आणि आता दिवसभर एका लहानशा जिवाचा श्वास मोजत बसत होते. अक्षरशः मोजत. ती झोपली की नाकाखाली बोट धरून बघायचे. माझा नवरा सतीश म्हणायचा, "अगं, सारखं बोट लावून तूच तिला उठवतेस." त्या काळजीतून डोकं बाहेर काढायला काहीतरी हवं होतं. म्हणून डबे केले. सागवानी डबा, आत छोटी सहाण, आणि गुटीची मुळं-फळं वेगवेगळ्या पुरचुंड्यांत. ऑनलाइन विकायचे.

शेषम्माने डबा उघडून प्रत्येक वस्तूचा वास घेतला. माल चांगला आहे म्हणाली. मग विचारलं, "हा डबा ज्या घरीं जाईल, तिथें बसणार कोण?"

"व्हिडिओ बसेल, आत्या," मी म्हटलं.

माझी मैत्रीण नित्या शेजारी बसली होती. ती इतकी हसली की तिची कॉफी साडीवर सांडली.

नित्या आणि मी कॉलेजपासूनच्या. ती एका साडीच्या दुकानाचं ऑनलाइन काम बघते, त्यामुळे सल्ला द्यायचा हक्क तिचा. माझ्या खात्याला तेव्हा एकेचाळीस फॉलोअर होते, त्यांतली तीन खाती सतीशची. जाहिरातीला पैसे नव्हते. मी आयांच्या व्हॉट्सॲप गटांत डब्याचा फोटो टाकला, दोन गटांनी मला काढून टाकलं. लाखो फॉलोअर असलेल्या आयांच्या व्हिडिओंखाली जाऊन कॉमेंट करत बसले. रोज दुपारी एक रील, असे नऊ दिवस. सर्वांत जास्त बघितलेल्या रीलला एकशे चार लोक. त्यात अर्धे आमचेच.

"पैसा नाही, ओळखी नाहीत," नित्या म्हणाली. "मग दुसऱ्या कुणाकडे नाही असं तुझ्याकडे काय आहे, ते सांग."

"साईप्रियाची शी."

"मोठी शहाणी. अगं, तुमची बोली आहे! आणि हे हात आहेत." तिने शेषम्माचे हात धरून वर केले. "हिचे हात दाखव, वर तू तुमच्या मराठीत बोल. तमिळमध्ये असे व्हिडिओ करणारे हजार आहेत. महाराष्ट्रातले लोक हे ऐकून थांबतील. पहिल्या तीन सेकंदांत थांबले पाहिजेत, बाकी सगळं नंतर."

"माझे हात सुरकुतले आहेत गं," शेषम्मा लाजून म्हणाली.

"तेच विकलं जातं, पाटी!" पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी.

रविवारी सकाळी खिडकीशी बसून आम्ही ते चित्रीकरण केलं. शेषम्माने जायफळाचा एकच वेढा दिला. काळ्या दगडावर तपकिरी रेघ उमटली, ओली, चकचकीत. नित्याने निवडलेल्या संगीताला त्या जागी सहा ठेके होते. म्हणून मी तो एक वेढा सहा वेळा जोडला. हात फिरतो, रेघ उमटते, हात फिरतो, रेघ उमटते. दिसायला इतकं छान झालं की माझं मीच तीनदा बघितलं. शेषम्माला दाखवायचं राहून गेलं. ती तोवर ओरत्तनाडूला एका बाळंतिणीकडे गेली होती.

चार दिवसांत दोन लाख लोकांनी ते रील पाहिलं.

आनंदाने मला जेवण जात नव्हतं. कॉमेंट देवनागरीत. लिहायची मराठी मी हौसेने, पुस्तकांवरून शिकलेली, त्यामुळे हळूहळू वाचत होते. "तंजावरची मराठी किती गोड!" "आजींची दृष्ट काढा." डबे मात्र सातच गेले. आणि एक कॉमेंट होती, 'परीची आई' नावाच्या खात्यावरून: "आजींचे हात माझ्या आईच्या हातांसारखे आहेत." मी तिला हृदय पाठवलं. प्रत्येकीला उत्तर द्यायचं, असा नित्याचा नियम होता.

पुढच्या मंगळवारी त्याच खात्यावरून मेसेज आला. "ताई, तुमच्या व्हिडिओत दाखवलंय तसंच जायफळ उगाळून दिलं. घरातलंच होतं. परी कधी नव्हे ती सलग झोपली, मी पण झोपले. माझी आई नाही, सासूबाई गावी असतात, हे गाडीवर जातात. सांगणारं कुणी नव्हतं. व्हिडिओ सेव्ह करून ठेवलाय. आता रोज देईन."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी तो मेसेज झाकूनपाकून, नाव पुसून, रंगीत चौकटीत घालून सगळ्यांना दाखवला. आमच्या खात्यावरचा पहिला अभिप्राय. वर लिहिलं, 'एका आईची झोप.'

गुरुवारी साईप्रियाला तेल लावून, न्हाऊ घालून, भरवून, निजवून मी फोन हातात घेतला तेव्हा पावणेदोन वाजले होते. मेसेज अकरा दहाचा होता.

"ताई, कालपासून जास्तच झोपतेय. सकाळपासून दूध घेतलं नाही. उठवलं तर डोळे अर्धे उघडते आणि परत मिटते. अंग सैल लागतंय. असं होतं का? चार महिन्यांची आहे."

शेषम्मा आदल्या दिवशीच परतली होती, स्वयंपाकघरात अळकुड्या सोलत होती. मी तिला मेसेज वाचून दाखवला. तिने विळी आडवी केली.

"तिनें काय दिलें?"

"जायफळ. व्हिडिओत आहे तेवढं."

"दाखव."

मी रील लावलं. ती फोन दूर धरून बघत होती. पहिल्यांदा स्वतःचे हात बघून जरा हसली. मग तिची बोटं मांडीवर हलायला लागली. एक, दोन, तीन. रील संपून आपोआप पुन्हा सुरू झालं, तिने पुन्हा मोजलं.

"सहा?" ती म्हणाली. "मी तर एक दिला. हा हात कोणाचा?"

"तुमचाच, आत्या. तोच परत परत दाखवलाय. गाण्यासाठी."

ओरडली असती तर बरं झालं असतं. "चार महिन्यांच्या पोरीला सहा," एवढंच ती म्हणाली. "आणि तिथें बसलेलें कोणी नाही."

मी लिहिलं: "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. जायफळ परत देऊ नका. डॉक्टरांना जायफळ दिल्याचं सांगा." 'दवाखाना' तीनदा चुकला. मेसेज गेला, पण वाचल्याची खूण उमटेना. त्याच ॲपवरून फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा. पुन्हा. अकराव्या वेळी वाजणंही थांबलं. लागलाच नाही.

मग मी ते केलं, जे मला आजवर झोपू देत नाही. मी घाबरून रील पुसून टाकलं. वाटलं, आणखी कुणी बघायला नको. रीलबरोबर खालच्या सगळ्या कॉमेंट गेल्या, तिचीही गेली. त्या कॉमेंटला कुणी उत्तर दिलं होतं का, कुणी तिला नावाने हाक मारली होती का, काही कळायला वाव राहिला नाही. आणि रील काही गेलं नाही. नित्याने शोधलं तर तिला ते दुसऱ्या चार खात्यांवर सापडलं. लोकांनी आधीच उतरवून घेतलं होतं. एका ठिकाणी वर लिहिलं होतं, 'बाळ झोपत नाही? हे करा.'

सतीश कामावरून धावत आला. "नाव काय तिचं?"

"माहीत नाही."

"गाव?"

"माहीत नाही."

"मग ओळखतेस काय तू तिला?"

मी तिला माझा पहिला अभिप्राय म्हणून ओळखत होते.

सात डबे ज्यांना गेले, त्यांचे पत्ते होते. त्या सातही जणींना मी त्याच दुपारी फोन केले, जायफळ काढून टाका म्हणाले. सातही बाळं ठीक होती. एकीने तर उलट मलाच विचारलं, "ताई, तुम्ही का रडताय?" पण परीच्या आईने डबा घेतलाच नव्हता. हिने स्वतःच्या घरातलं जायफळ घेतलं होतं. अनोळखी माणसांपर्यंत पोचायचं म्हणून मी इतके दिवस धडपडले, आणि ज्या अनोळखी घरी खरोखर पोचले, त्याचं दार मला सापडत नव्हतं.

साईप्रियाला लस देतात त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. "एका मैत्रिणीच्या बाळाला..." म्हणून सुरुवात केली. त्यांनी चष्मा काढला. "श्वास कसा आहे? मध्ये थांबतो का? शू झालीय? आणि तुम्ही इथे बसून काय करताय? त्या बाळाला हॉस्पिटलमध्ये न्या!"

"ते कुठे आहे मला माहीत नाही," मी म्हटलं. त्यांची नर्स माझ्या कडेवरच्या साईप्रियाकडे बघायला लागली, मी कुणाचं मूल उचलून आणलंय का, अशा नजरेने.

मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "जिल्हा सांगा, आम्ही लगेच माणूस पाठवतो." मला जिल्हा सांगता येईना.

मी नवा व्हिडिओ केला. संगीत नाही, हात नाहीत, फक्त माझा चेहरा. जायफळ देऊ नका, त्या रीलमध्ये मी एकाचे सहा वेढे दाखवले, चूक माझी आहे, परीच्या आईने मला फोन करावा. नित्याने तो तिच्या ओळखीत सगळीकडे धाडला. दोन दिवसांत तीनशे बारा लोकांनी बघितला. "पहिल्या तीन सेकंदांत कुणी थांबत नाही," नित्या म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी तिला पहिल्यांदाच तसं बघितलं.

आज नववा दिवस. शेषम्मा रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी विचारते, "तिचें कांहीं आलें कां?" तिला परवा एका घरी गुटीला बोलावलं होतं. ती गेली, बाळाला पायांवर घेतलं, पोट बघितलं, आणि काही न उगाळता परत आली. मला म्हणाली, "हात उठेना गं." मी आता साईप्रियाच्या नाकाखाली बोट धरत नाही. पूर्ण तळहात धरते. श्वासाची ऊब लागली की दुसरी पोर आठवते.

परीच्या आईच्या खात्यावर तीनच फोटो आहेत. ते मी इतके मोठे करून बघितलेत की डोळे मिटले तरी दिसतात. पहिला बोगनवेलीचा. दुसरा साडीच्या झोळीचा, पिवळी साडी, हिरवा काठ, वर लोखंडी कडी. तिसरा खिडकीचा. निळे गज, गजांना बांधलेली काळी बाहुली, पलीकडे पाण्याची उंच टाकी. टाकीवर अक्षरं आहेत, पण झाडाने अर्धी झाकलेली: '...वाडी ग्रामपंचायत'. महाराष्ट्रात किती वाड्या असतील, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

म्हणून हे मराठीत, देवनागरीत लिहितेय. इथे तंजावरात हे वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हे तुमच्यासाठी आहे. माझ्याकडे अजूनही पैसा नाही आणि वाचक नाहीत. तुम्ही इथवर आला आहात, तेवढे तुम्हीच.

तुमच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसत असेल, आणि आजूबाजूला कुठे निळ्या गजांची खिडकी असेल, तर आज तिथे जा. घरात एकटी, तरणी आई असेल, नवरा गाडीवर जाणारा. मुलगी चार महिन्यांची, हाक मारायचं नाव परी. माझं नाव सांगू नका, रागावूही नका, ती आधीच घाबरलेली असेल. साखर मागायला आले म्हणा. पोरीला मांडीवर घ्या, तळपाय चोळा, उठते का बघा. उठली नाही तर तिथून थेट दवाखाना गाठा.

उठली, तरी लगेच निघू नका. ती दूध पिईपर्यंत भिंतीला टेकून बसा. आणि मग मला कळवा.